सुक्का म्हणजे मटण नव्हे: तुराट्यांचा मांडव कसा घालायचा

आधी घोळ मिटवतो. आमच्या आंगणात दरवर्षी सुक्का असतो म्हटलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "मटणाचा का चिकनचा?" तर राजेहो, खायचा नाही, बसायचा सुक्का. ज्यू लोकांचा सुक्कोथ नावाचा सण आहे, मराठी बायबलात त्याला मांडवांचा सण म्हटलंय आणि तेच नाव मला जास्त बरोबर वाटतं, कारण सात दिवस घराबाहेर झाडपाल्याच्या मांडवात राहायचं एवढाच या सणाचा गाभा. त्या मांडवाला म्हणतात सुक्का. अनेक सुक्के म्हणजे सुक्कोथ.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आडनावाच्या शेवटी 'कर' असल्यामुळे इकडं कोणाला पत्ताच लागत नाही. बाबा शकुंतला रेल्वेत गार्ड होते, मुर्तिजापूर-यवतमाळ लाईनवर, तेव्हापासून आम्ही दारव्ह्याकडचेच झालो, पुढं थोडं वावर घेतलं अन् इथंच राहिलो. गावात अजूनही घराला गार्डबाबूचं घर म्हणतात. तेलाचा धंदा अन् शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, ते इथं कोणाला माहीत नसायचं, आता मी सांगून सांगून झालंय.

हे लिहायचं कारण असं की मागच्या वर्षी दोन-तीन जणांनी विचारलं, आम्हाला पण बांधता येईल का, शाळेतल्या पोरांना दाखवायचाय वगैरे, आणि आमच्यातले काही जण नोकरीनं नागपूर-अमरावतीकडं आलेत त्यांना वाटतं की मुंबई-पुण्याशिवाय हे जमतच नाही. जमतं. उलट मी तं म्हणतो सुक्क्यासाठी विदर्भातल्या खेड्यासारखी जागा नाही, फ्लॅटवाल्यांच्या डोक्यावर स्लॅब असतो, आपल्या डोक्यावर आभाळ.

तारखेचं आधी सांगतो कारण त्यात दरवर्षी लोक गोंधळतात. सण हिब्रू तिश्री महिन्याच्या 15 तारखेला लागतो, म्हणजे पुनवेलाच. 2024 ला 16 ऑक्टोबरच्या संध्याकाळी लागला आणि 2025 ला 6 ऑक्टोबरच्या, दोन्ही वेळा बरोब्बर कोजागिरी. त्यामुळं गावात समज झाला की हा गार्डबाबूकडचा कोजागिरीचाच प्रकार आहे. पण 2026 ला तसं नाही, यंदा 25 सप्टेंबरला शुक्रवारी संध्याकाळी लागतो, त्या दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणजे गावात गणपती निघालेले असणार अन् इकडं आमचे दिवे लागणार, आणि कोजागिरी थेट एक महिन्यानं. असं काहून? दोघांचंही पंचांग चंद्रावर चालतं आणि दोघंही मधात अधिक महिना टाकून सूर्याशी मेळ घालतात, पण टाकायची वेळ वेगळी. यंदा अधिक ज्येष्ठ मे-जूनमध्ये आला आणि हिब्रू पंचांगातला जादा अदार महिना येतो 2027 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेवढ्या वेळापुरती दोन्ही पंचांगं महिनाभर मागंपुढं.

का बसायचं बाहेर? तोराहमध्ये, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात, सांगितलंय की इस्राएल लोक मिसरमधून निघाल्यावर रानात मांडवांत राहिले हे पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून सात दिवस मांडवात राहा. चाळीस वर्षं घर नव्हतं, हे त्याच्यामागचं. आणि दुसरं, हाच सण पीक घरात आणायचाही आहे. म्हणजे धान्य घरात पडलं, कोठी भरली, आता माणूस पाय पसरून पक्क्या घरात झोपणार, नेमकं त्याच वेळी त्याला म्हणायचं, बाहेर ये अन् गळक्या छताखाली जेव. आपल्याकडं सोयाबीन काढायला येतं त्याच दिवसांत हे सगळं चाललेलं असतं. ज्यानं डुकरांपासून वावर राखायला रात्रभर जागल केलीय त्याला सुक्का वेगळा समजावून सांगायची गरज पडत नाही. यशया संदेष्ट्यानं सुद्धा काकडीच्या वावरातल्या खोपडीचं उदाहरण दिलंय, म्हणजे तिकडंही जागलच होती.

आता बांधायचं. सुक्कोथच्या चार-पाच दिवस आधी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस असतो, त्याचा उपास सुटला की त्याच रात्री पहिला बासा रोवायची आमच्यात पद्धत आहे, नुसता खड्डा खणून ठेवला तरी चालतं. यंदा उपास 21 सप्टेंबरला सोमवारी सुटतो, म्हणजे हातात जेमतेम चार दिवस, आणि ते दिवस मजूर मिळायचे नाहीत हे धरून चला.

जागा अशी पाहा की वर उघडं आभाळ असेल. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. लिंबाच्या झाडाखाली गारवा असतो म्हणून तिथं बांधू नका, झाडाखालचा सुक्का चालत नाही. पडवीत नाही, गोठ्याच्या पत्र्याखाली नाही, छज्जाखाली नाही. आणि हो, आंगणात दोडक्याचा नाहीतर वालाचा मांडव आयताच तयार आहे, तिथंच बसू असं डोक्यात येतं, माझ्याही आलं होतं, पण छतावरचा पाला जमिनीतून तोडलेला पायजे, मुळासकट जिवंत वेल चालत नाही. वेल कापून टाकाल तर होईल, पण दोडके लागलेले असताना कोणती बाई कापू देईल ते मला सांगा.

भिंती कशाच्याही चालतात. यात धर्म अजिबात कटकट करत नाही. घराची एक भिंत वापरा, दुसरीकडं ताट्या लावा, तिसरीकडं पत्रा उभा करा, जुना दरवाजा, ताडपत्री, काय पायजे ते. कमीत कमी दोन पूर्ण भिंती आणि तिसरीचा थोडा भाग लागतो, पण सरळ तीन घाला आणि एका बाजूनं दार ठेवा म्हणजे वाद नको. एकच अट, वाऱ्यानं हलायला नको. ताडपत्री किंवा लुगडं लावत असाल तर खालून-वरून-मधातून गच्च आवळा. उंची कमीत कमी दहा मुठी, मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी, म्हणजे छत जमिनीपासून तीनेक फुटांवर तरी पायजे, आणि जास्तीत जास्त वीस हात, म्हणजे साधारण तीस फूट. लांबी-रुंदी सात-सात मुठी म्हणजे एक माणूस कसाबसा बसेल एवढी तरी. हे हिशेब जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी लावून ठेवलेत, मिश्ना नावाच्या त्यांच्या नियमांच्या ग्रंथात याच्यावर अख्खा एक भाग आहे. आम्ही आपले दहा बाय आठ फुटाचा घालतो, दोन बाजा मावतात.

छत मात्र नीट समजून घ्या, कारण सुक्का म्हणजे छतच. भिंतींचं काम झाल्यावर मगच छत टाकायचं, उलटं नाही. छताला लागतं ते जमिनीतून उगवलेलं पायजे, तोडलेलं पायजे आणि त्याची भांडीकुंडी, वापरायची वस्तू झालेली नको. म्हणून पत्रा नाही, ताडपत्री नाही, ग्रीन नेट नाही, झोपायची चटई नाही कारण ती झोपायला विणलीय, खायचा माल नाही. मग काय राहिलं? तर आपल्याकडं पडलेला सगळा कचराच राहिला. तुराट्या राहिल्या. पऱ्हाट्या राहिल्या. ज्वारीचा कडबा, कणसं काढून. बांबू. धुऱ्यावरची सिंदी. मुंबईचे नातेवाईक बांबूच्या काड्यांसाठी पैसे मोजतात आणि इथं तुराट्यांचा ढीग चुलीची वाट पाहत गोठ्यामागं पडलेला असतो.

माझा अनुभव असा की आधी बांबूचे बासे आडवे टाकायचे हातभर अंतरावर, त्याच्यावर तुराट्या उभ्या आडव्या, आणि सगळ्यात वर सिंदीचे झापे. नुसत्या पऱ्हाट्या टाकू नका, बोंडाचं टरफल खाली गळत राहतं अन् वरणात पडतं. पळसाची पानं पहिल्या दिवशी सुंदर दिसतात पण चौथ्या दिवशी वाळून चुरा होतो. रब्बींनीही सांगून ठेवलंय की पानं गळणारं किंवा वास मारणारं काही छताला वापरू नका, माणूस वैतागून उठून जाईल. सागाची पानं मोठी असतात, लोभ होतो, पण ती टाकली की वर काहीच दिसत नाही, त्याचं पुढं सांगतो. तुराट्या आणायच्या आधी ढिगाला काठीनं ठोका, आपटा, उन्हात उलट्या पसरा. विंचू असतो. एका वर्षी आईच्या ताटाशेजारी टपकन पडला, तेव्हापासून मी हे दोनदा करतो.

तारेनं बांधू नका, म्हणजे छत तारेच्याच आधारावर टिकलंय असं नको. आडवे बासे लाकडी खांबांवर ठेवा, वरच्या तुराट्यांवर दोन जड बांबू वजनाला टाका, झालं. पूर्वी आमच्याकडं एकजण लोखंडी अँगलची फ्रेम करून देतो म्हणाला, मी नको म्हटलं, छताचा भार थेट लोखंडावर नसावा अशी रीत आहे.

आणि सिंदी तोडायची तर ज्याचा धुरा त्याला विचारून. चोरीच्या मालावर सण होत नाही असा नियमच आहे, सरकारी जंगलातून न विचारता आणलेलाही त्यातच आला.

जाड किती घालायचं? दिवसा उन्हापेक्षा सावली जास्त पडली पायजे, एवढं दाट. आणि रात्री वर पाहिलं तर चांदण्या दिसल्या पायजे, एवढं विरळ. पाऊस आला तर आत आला पायजे. हेच आपल्या लोकांना पटत नाही. आमच्या शेजारचे काका, वय सत्तरच्या पुढं, मांडव घालण्यात अख्ख्या गावात हुशार, त्यांच्याच बाशांवर आमचा सुक्का उभा राहतो दरवर्षी, पण गळकं छत त्यांच्यानं पाहवत नाही. "अरे एवढा कामाचा माणूस तू, अन् छत असं टाकलं का बे? लोक मले हासतील." एका वर्षी तर रात्री ढग पाहून आम्ही झोपल्यावर त्यांनी गुपचूप वरून ताडपत्री टाकली, दोरानं बांधून सुद्धा दिली. सकाळी मी वर पाहतो तं निळं आभाळ नाही, निळी ताडपत्री. मायेनं केलेलं, रागावणार कोणावर. काढायला लावली तर दोन दिवस बोलले नाही. आता मी त्यांना असं सांगून ठेवलंय की काका, मधल्या साध्या दिवसांत पाऊस असला तर तुमची ताडपत्री टाका, पण जेवायला बसायच्या आधी काढून घ्यायची. त्यावर ते खूश आहेत, त्यांना ताडपत्रीचं एक काम मिळालं.

पाऊस आलाच तर? परतीचा पाऊस त्या दिवसांत असतोच. तर हट्टानं भिजत बसायचं नाही. मिश्नात माप दिलंय, ताटातलं पातळ खराब होईल इतकं पाणी पडायला लागलं की उठून घरात जा. म्हणजे आपलं वरण पाणचट व्हायला लागलं की उठा. पहिल्या रात्री मात्र थोडं थांबून पाहतात, उघडला तर परत येऊन घासभर तरी सुक्क्यात खातात.

पहिल्या रात्रीचं यंदा जरा अवघड आहे कारण शुक्रवार आहे, शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा शनिवारचा विसावा, आणि सण एकत्र. सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो त्यामुळं पावणेसहाच्या आत स्वयंपाक झालेला, दिवे लागलेले, सुक्क्यातला बल्ब चालू केलेला पायजे, त्यानंतर बटणाला हात नाही, शनिवार संपेपर्यंत चूल नाही. लाईट जाणार हे गृहीत धरून एक कंदील आधीच लावून टांगून ठेवा, तुराट्यांपासून लांब, हे हसण्यावारी नेऊ नका, वाळलेल्या तुराटीला पेट घ्यायला वेळ लागत नाही. मग किद्दुश, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायचा सणाचा आशीर्वाद. आमच्यात दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करतात त्यावर किद्दुश म्हणतात, मनुका आदल्या रात्रीच भिजत घाला. आणि सुक्क्यात बसायचा आशीर्वाद: बारुख अत्ता अदोनाय एलोहेनु मेलेख हाओलाम, अशेर किद्दशानु बेमिस्वोथाव वेसिव्वानु लेशेव बस्सुक्का. अर्थ सोपा, ज्यानं आम्हाला मांडवात बसायची आज्ञा दिली त्या जगाच्या राजाला धन्य म्हणतो. पहिल्या रात्री शेहेहियानू पण म्हणायचं, इथपर्यंत जगवून आणलंस त्याबद्दल.

मग पोळी. इथं विदर्भातल्या माणसाला एक धक्का बसतो, भाकर चालत नाही. धर्माच्या हिशेबात 'रोटी' म्हणजे गहू, जव वगैरे पाच धान्यांचीच, ज्वारी त्यात नाही. भाकर खा ना, कोण नाही म्हणतं, पण पहिल्या रात्रीचा तो घास गव्हाच्या पोळीचा पायजे. बाकी स्वयंपाक तुमचा तुम्ही ठरवा, फक्त मटण-चिकन असलं तर त्या जेवणात दूध-दही-तूप नाही. आमच्या आया कोकणी पद्धतीनं नारळाचं दूध घालतात ते यासाठीच. कोजागिरी आणि सुक्कोथ एका दिवशी येतात तेव्हा याचीच फजिती होते, शेजारपाजारचे सगळे मसाला दूध घेऊन येतात आणि आमच्या पोटात सावजी रस्सा, मग काय, घ्या अन् झाकून ठेवा. आता त्या वर्षी आम्ही सरळ वांग्याची भाजी करतो.

जुन्या काळी, म्हणजे आमच्या लोकांना हिब्रू फारसं येत नव्हतं तेव्हा, याच तिश्री महिन्यात खिरीचा सण पाळायचे, नव्या धान्याची खीर नारळाच्या दुधात करून. आई ती खीर अजून करते, सुक्क्यात बसून खातो.

या सणात हातात धरून हलवायच्या चार वनस्पतींचं थोडक्यात. खजुराचा न उलगडलेला कोंब म्हणजे लुलाव, त्याला मिर्टलच्या तीन आणि विलोच्या दोन डहाळ्या बांधायच्या, ते उजव्या हातात, आणि डाव्या हातात एथ्रोग म्हणजे महाळुंग, मग चारी दिशा, वर आणि खाली हलवायचं. शब्बाथला हलवत नाहीत म्हणून यंदा पहिल्या दिवशी नाहीच, रविवारपासून. महाळुंगाच्या जागी संत्रं चालेल का हे मला प्रत्येक संत्रेवाला विचारतो. नाही चालत. लिंबू नाही, ईडलिंबू नाही. आणि महाळुंग सुद्धा कलमाचं नको, आता तुम्ही लोक संत्र्याची कलमं जंबेरीच्या खुंटावर बांधणारे, तुम्हाला हे लगेच समजेल, दुसऱ्या झाडाच्या खुंटावरचं फळ बाद. धुऱ्यावरची सिंदी खजुराची भाऊबंद असली तरी तिला छतावरच राहू द्या. आम्ही जोड मुंबईहून मागवतो, कधी वेळेवर येते, कधी सण उलटल्यावर, नाही आली तर भलतंसलतं बदली वापरायचं नाही, तेवढं राहू द्यायचं.

झोपायचं असेल तर बाजेवर, बाजेखाली नाही, कारण मधात दुसरं छत येतं. सपाट छताच्या मच्छरदाणीचा पण तोच प्रश्न, म्हणून ओडोमॉस. लिंबाच्या पाल्याचा धूर करायचा तर मधल्या दिवसांत. खरं सांगायचं तर मी पहिल्या दोन रात्री झोपतो, मग डास अन् पाठ दोन्ही जिंकतात अन् नंतर नुसतं जेवायला येतो.

सजवायला पोरांना लावा. मक्याची कणसं, सीताफळं, झेंडूच्या माळा, गणपतीच्या उरलेल्या पताका, सगळं चालतं. टांगलेली फळं सण संपेस्तोवर तोडून खायची नाहीत हे पोरांना आधीच सांगा, बकरीला सांगून उपयोग नाही, तिच्यासाठी उंच टांगा.

आणि पाहुणे बोलवा. रोज रात्री एका पूर्वजाला मांडवात बोलवायची रीत आहे, अब्राहाम, इसाक, याकोब, मोशे, आहारोन, योसेफ, दावीद. ते येतात न येतात, पण त्यांच्या वाटचं ताट कोणा गरजूच्या पुढं जायला पायजे असं म्हणतात. आमच्याकडं सोयाबीन काढायला आलेली माणसं संध्याकाळी तिथंच जेवतात. तुम्ही कोणाच्या सुक्क्यात जात असाल तर टोपी किंवा रुमाल डोक्यावर, येताना फळं आणा, घरचं शिजवलेलं नको कारण खाण्याचे नियम असतात आणि ना म्हणताना त्या माणसाला कसंतरी होतं. सिनॅगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली प्रार्थना पूर्ण म्हणायला दहा पुरुष लागतात, ते इथं कुठले, तेवढं घरच्या घरी जमेल तसं म्हणतो. दोन वर्षांतून एकदा पुण्याला रास्ता पेठेत जाऊन येतो, तिथल्या सिनॅगॉगचं नावच सुक्कथ शलोमो, शलमोनाचा मांडव.

सुट्टीचं म्हणाल तर पहिले दोन दिवस, यंदा शनि-रवि, पूर्ण काम बंद. मधले दिवस हलके, अडलेलं काम करता येतं, वावरात सोयाबीन उभं असून पाऊस येतोय तर काढा. मग 3 ऑक्टोबरला शमिनी असेरेथ, म्हणजे आठव्या दिवसाचा सण, आणि 4 ला सिमहाथ तोराह, तोराह वाचून संपवायचा आणि परत पहिल्यापासून सुरू करायचा दिवस.

उतरवायचं सोमवारी 5 तारखेला. सण चालू असताना सुक्क्यातली एक काडी सुद्धा चुलीत घालायची नाही, संपल्यावर हरकत नाही, तुराट्या परत गोठ्यामागं जातात आणि थंडीत पाणी तापवायला लागतात. सिंदीचे झापे पायदळी नको म्हणून एका बाजूला रचून ठेवतो. काकांचे बासे पुसून, मोजून परत करायचे, नऊ होते तर नऊ, आणि ताडपत्रीची घडी ते स्वतःच घालतात, दुसऱ्याची घडी त्यांना पटत नाही.